तुलनेची शाळा

सोडतीत भुंगीला एकतीस नंबरची शाळा लागली, आणि घरात पहिली गोष्ट झाली ती म्हणजे आत्याबाईंनी बैठक बोलावली. दुसरी म्हणजे बाबांनी कपाटातून कॅल्क्युलेटर काढला. भुंगीला कुणीच काही सांगितलं नाही. ती साडेपाच वर्षांची होती आणि तिच्यावर बैठक भरण्याची ही सतरावी खेप होती, त्यामुळे तिनं आपणहून खडूंची डबी घेतली आणि चपला पायात चढवल्या.

"विषमतेत जायचं ना?" तिनं आईला विचारलं.

विद्यापीठाच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घराण्याची ती संस्था होती. नाव इतकं लांब की पाटी एका भिंतीवर मावली नव्हती. 'शालेय सुधारणा व शैक्षणिक विषमता' हे जिन्यासमोर आणि 'संशोधन संस्था' हे वळणापलीकडे, पिण्याच्या पाण्याच्या वर. वळणापलीकडे कुणी बघत नसे. त्यामुळे शिपायापासून शेजारणीपर्यंत सगळे तिला नुसतं विषमता म्हणत. घरी कुणी विचारलं, साहेब आहेत का, तर उत्तर ठरलेलं: विषमतेत गेलेत, जेवायला येतील.

जेवायचं टेबल मात्र तिथेच होतं. आप्पांनी, म्हणजे आत्याबाई, बाबा आणि काका ह्या तिघांच्या वडिलांनी, संस्था काढली तेव्हा घरातलं बारा माणसांचं टेबल बैठकांसाठी उचलून नेलं आणि संस्थेचं चार माणसांचं घरी पाठवलं. आप्पा जाऊन नऊ वर्षं झाली, पण टेबलं परत बदलायचा ठराव काही पास होईना. घरी जेवताना सगळ्यांची कोपरं एकमेकांना लागत, आणि संस्थेत गंभीर चर्चा चालू असताना प्रत्येकाला विनाकारण भूक लागे.

सून, म्हणजे भुंगीची आई, आपल्या नेहमीच्या कोपऱ्यात वही उघडून बसली. इतिवृत्त तिच्याकडे होतं. वर्षातून एकदा प्रश्नावली घेऊन शाळांत जाऊन पाहणी करायची तीही तिनंच. बाकीचं वर्षभर तिनं आणलेल्या उत्तरांवर इतर सगळे जगत. समोर आत्याबाई, संचालक. त्यांच्या उजवीकडे बाबा, तिचे सासरे, आकडेवारीचे प्रमुख. डावीकडे काका, ज्यांच्याकडे दफ्तर होतं आणि ज्यांना संचालकपद हवं होतं. तिचा नवरा, जो अहवाल लिहायचा आणि ज्याला छत्तिसाव्या वर्षीही सगळे बाळ्या म्हणत, तो दाराजवळ. आणि खिडकीशी आई, तिच्या सासूबाई, संत्री सोलत. आईंनी एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं होतं. प्रत्यक्ष फळ्यासमोर उभं राहिलेलं घरात हे एकच माणूस, त्यामुळे संस्थेत त्यांना कुठलंही पद नव्हतं. त्यांचं मत पूर्वग्रहाचं धरलं जाई.

आधी कुणी बोलायचं ह्याचीही सोडतच असे. बिस्किटांच्या डब्यातून चिठ्ठी निघाली ती काकांची.

"माझं काही म्हणणं नाही," काका म्हणाले. "फक्त एवढंच, की मी संचालक असतो तर ही वेळ आली नसती."

"हे लिहू?" सुनेनं विचारलं.

"लिही."

"लिहू नकोस," आत्याबाई म्हणाल्या.

सुनेनं लिहिलं: काकांनी मनोगत व्यक्त केलं.

"आता मुद्द्यावर येऊ," आत्याबाईंनी हात टेबलावर ठेवले. "शाळाप्रवेश सोडतीनं व्हावा ही योजना आपली. शहरानं ती घेतली. पाच वर्षांपूर्वी भर सभेत मी सांगितलं, आमच्या घरातलं मूलसुद्धा ह्याच सोडतीत असेल. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. तेव्हा भुंगी सहा महिन्यांची होती आणि माझ्या खांद्यावर ओकली होती, ते फोटोतही आहे. आता मी मागे फिरू शकत नाही. पोरगी एकतीस नंबरला जाणार."

"ताई, ती कुठेही जाऊ दे, एकतीसला जाऊ शकत नाही," बाबा म्हणाले. "ती तुलनेची शाळा आहे."

ह्यावर सगळे सरळ बसले, कारण तुलनेची शाळा म्हटलं की आप्पाच खोलीत आल्यासारखं वाटायचं.

सव्वीस वर्षांपूर्वी आप्पांनी दोन शाळा निवडल्या होत्या, चार नंबर आणि एकतीस नंबर. दोन्हींची वीट सारखी, गळती सारखी, मुलं तितकीच, कुंपण दोन्हींचं तुटलेलं. चार नंबरला सगळं द्यायचं ठरलं: वाचनालय, प्रयोगशाळा, शिक्षकांना प्रशिक्षण, पाण्याची सोय. एकतीस नंबरला काहीच द्यायचं नाही. मग दोघींत काय फरक पडतो ते मोजत राहायचं. हा फरक दरवर्षी आलेखावर काढत, आणि वरच्या रेषेच्या नि खालच्या रेषेच्या मधल्या जागेला घरात नुसतं 'दरी' म्हणत. दरी ही घराण्याची मिळकत होती. ती दाखवून आप्पांनी सरकारांना पटवलं होतं की शाळांना दिलं तर मुलं शिकतात. दरी रुंदावली की त्या वर्षी संस्थेत केक येई.

ती जपायलाही फार लागे. एकदा एका निवृत्त सुताराला एकतीस नंबरला फुकट बाकं द्यायची होती. काका स्वतः त्याच्या घरी गेले आणि दोन तास बसून त्याला दुसरीकडे वळवून आले. एकदा नगरपालिकेनं चुकून छप्पर दुरुस्त केलं, तर बाबांनी पूर्वस्थिती राखावी म्हणून तीन पानी पत्र धाडलं. आणि तिथल्या एखाद्या बाई फारच छान शिकवतात असं पाहणीत दिसलं, की आत्याबाई त्यांना सन्मानानं, पगार वाढवून, चार नंबरला बोलावून घेत. अशा तीन बाई गेल्या होत्या. विषमतेशी इतक्या निष्ठेनं कुणी झगडलं नसेल आणि इतक्या निष्ठेनं ती कुणी सांभाळलीही नसेल.

"भुंगीला चार हजार दोनशे बारा शब्द येतात," बाबांनी कॅल्क्युलेटर पुढे सरकवला. "गेल्या महिन्यापर्यंतचे. मी मोजलेत. पहिलीच्या वर्गात सतरा मुलं आहेत. ही अठरावी जाऊन बसली तर सरासरी कुठल्या कुठे जाईल. शिवाय ही बोलते. इतर मुलं ऐकतील."

"म्हणजे ती मुलं जरा पुढे जातील," नवरा म्हणाला. "त्यात वाईट काय, बाबा?"

"वाईट?" बाबांनी चष्मा काढला. "अरे, सव्वीस वर्षांची दरी आहे. तुझी मुलगी ती एका पावसाळ्यात बुजवेल."

"मग दुसऱ्या शाळेत घालू."

"म्हणजे सोडत मोडली," आत्याबाई म्हणाल्या. "वर्तमानपत्रवाले दारात उभेच असतात."

"पाठवायची नाही म्हटलं तर ताईंची योजना जाते, पाठवायची म्हटलं तर दादाचा आलेख जातो," काका समाधानानं म्हणाले. "मला वाटतं, आता दोघांनीही निवृत्त व्हावं."

बाबा आणि आत्याबाई गेलं दीड वर्ष एकमेकांशी कामापुरतं बोलत होते. काकांचं हे वाक्य ऐकून दोघांनी एकाच वेळी एकमेकांकडे बघितलं आणि सुनेनं वही जवळ ओढली. ही भावंडं भांडत असली की घर सुरक्षित असे. एक झाली की कुणाची तरी खैर नसे.

"पाठवायची," बाबा सावकाश म्हणाले, "पण बेताची करून."

"म्हणजे?"

"नाव घालायला दोन महिन्यांची मुदत आहे. तोवर पुस्तकं बंद. गोष्टी बंद. रोज थोडं थोडं कमी करत आणायचं. सरासरी मुलाला त्या वयात तिथं साधारण अकराशे शब्द येतात. अकराशे म्हणजे काही वाईट नाही."

"तीन हजार एकशे बारा शब्द ती विसरणार कशी?" आत्याबाईंनी अगदी व्यवहारी शंका काढली.

"विसरायला नकोत. वापरू नयेत."

"हे मात्र जमेल," आत्याबाई म्हणाल्या. "आम्ही नाही का समित्यांवर बसतो."

आईंनी संत्र्याची एक फोड तोंडात टाकली आणि बिया हातात घेतल्या. "मी एकतीस वर्षं उलटं करत होते," त्या म्हणाल्या. "मला कुणी आधी सांगायला हवं होतं."

त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. बाबांनी टेबलाखाली वाकून भुंगीला हाक मारली. ती खडूचे हात घेऊन बाहेर आली आणि त्यांच्या मांडीवर चढली. बाबांचा जीव होता तिच्यावर. तिचा प्रत्येक नवा शब्द तारखेसह लिहून ठेवणारा तो माणूस होता. 'तरीसुद्धा' हा शब्द ती पहिल्यांदा बोलली त्या दिवशी त्यांनी शिपायालाही चहा पाजला होता.

"भुंगे, सात आणि पाच किती?"

"बारा."

"शाब्बास. आता बारा म्हणायचं नाही. अकरा म्हण."

"पण बारा आहेत."

"आहेत बाराच. म्हणायचे अकरा."

भुंगीनं त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. मग सुनेकडे वळून, आजोबांना वाईट वाटू नये म्हणून हलक्या आवाजात तिनं विचारलं, "आई, आजोबांना येत नाही का?"

काका मोठ्यानं हसले. बाबा नाही हसले. "म्हण गं एकदा," ते म्हणाले. "आजोबांसाठी."

"अकरा," भुंगी म्हणाली. आणि हे म्हणताना तिनं मान खाली घातली.

सुनेनं एवढंच पाहिलं. ह्या मुलीनं फुलदाणी फोडल्यावर मान खाली घातली नव्हती. पाहुण्यांच्या बुटात पाणी भरलं तेव्हा घातली नव्हती. आज बरोबर उत्तर येत असताना तिनं खाली बघितलं होतं. सुनेनं पेनाला टोपण लावलं. सहा वर्षांत बैठक चालू असताना तिनं टोपण लावायची ही पहिलीच वेळ. तो टक् असा आवाज एवढासा, पण नवऱ्यानं वर पाहिलं.

"काका," ती म्हणाली, "प्रश्न अठ्ठ्याऐंशीची उत्तरं मिळतील का? एकतीस नंबरची. सगळ्या वर्षांची."

काकांना क्षणभर विश्वास बसला नाही. ते तेवीस वर्षं दफ्तर सांभाळत होते आणि आजवर कुणी तिथून एक कागद मागितला नव्हता. ते जवळजवळ पळत गेले आणि चार मिनिटांत गठ्ठा घेऊन आले, वर फडकंही मारलेलं होतं.

"शाळेत काही बदल हवा आहे का, असल्यास कोणता," सुनेनं प्रश्न वाचला. "पालकांना विचारायचा. पहिलं वर्ष: नळ. दुसरं: नळ. तिसरं: नळ हवा. चौथं: नळ."

"त्यावर माझा निबंध आहे," बाबा खुलले. "'पालकांच्या अपेक्षांमधील सातत्य'. नऊ देशांत त्याचा दाखला देतात. इतकं स्थिर उत्तर कुठल्याही पाहणीत आलेलं नाही."

"बाबा, त्यांना नळ हवा होता."

"हो ना. सातत्यानं."

"म्हणजे ते मागत होते."

"मागत नव्हते," आत्याबाईंनी समजुतीच्या सुरात सांगितलं. "उत्तर देत होते. आपण विचारलं, त्यांनी सांगितलं, आपण नोंदवलं. ह्याला माहिती म्हणतात."

"शेवटची पाच वर्षं मीच लिहिलंय," सून म्हणाली. तिला वाटलं होतं आपला आवाज चढेल, पण तो उलट खालीच गेला. "समोर बाई उभी असते, कडेवर लहान मूल. मी विचारते काय हवं, ती म्हणते नळ. मी लिहून घेते, धन्यवाद म्हणते आणि निघते. पाहणी करणाऱ्यानं शाळेला काहीही देऊ नये हा नियम आहे. एकदा एका मुलाची पेन्सिल मोडली तर मी माझी दिली आणि उत्तर लिहून झाल्यावर परत घेतली. घरी येऊन मी जेवले नाही आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलाचे गुण तक्त्यात भरले."

"तुझं काम फार नेटकं आहे," बाबा मनापासून म्हणाले.

"ते आजपासून सोडलं. मी पाहणी करणार नाही."

"अगं," नवरा अर्धवट उठला.

"मी आता एकतीस नंबरची पालक आहे. पालकांनी शाळेला काही देऊ नये असा नियम आहे का, काका?"

काकांना नियम तोंडपाठ होते. "नाही," ते म्हणाले, आणि आत्याबाईंकडे चोरून बघत पुढे जोडलं, "आप्पांच्या हे डोक्यातच आलं नसणार. आपल्यातलं कुणी तिथं पालक होईल असं."

"मग भुंगी जाईल. आहे तशी जाईल, तिचे सगळे शब्द घेऊन. सोमवारी मी प्लंबर नेणार आहे."

"आणि दरी?" बाबांचा आवाज इतका लहान झाला की सुनेला वाईट वाटलं. त्यांच्या दृष्टीनं आप्पा आज दुसऱ्यांदा जात होते. "मी काय दाखवू, सांग ना?"

"मोजू नका तिला," सून म्हणाली. "सतराच मुलं धरा. ही नाहीच असं समजा."

खोलीत पहिल्यांदा सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. ठराव मांडला गेला की सदर बालिका शाळेत असेल परंतु आकडेवारीत नसेल. आत्याबाईंनी हात वर केला, कारण सोडत वाचली. काकांनी केला, कारण बाबांनी केला नव्हता. नवऱ्यानं आधी बापाकडे पाहिलं, मग बायकोकडे, मग भुंगीनं वर केलेल्या खडूच्या हाताकडे, आणि आपलाही वर केला. आईंना मत नव्हतं, पण त्यांनीही संत्र्याचा हात वर केला आणि कुणी हरकत घेतली नाही.

"पुढची पाहणी कोण करणार?" आत्याबाईंनी विचारलं.

"बाबा करतील," सून म्हणाली.

बाबांची पाचावर धारण बसली. सव्वीस वर्षांत ते एकतीस नंबरच्या शाळेत पाऊल टाकायला गेले नव्हते. गेलो तर आपलं काही मत बनेल अशी त्यांना भीती होती. पण दुसरं कुणी तयार होईना. बैठक उठल्यावर ते जिन्यात सुनेजवळ घोटाळले.

"घरी मोजलं तर चालेल ना?" त्यांनी विचारलं. "तिचे शब्द. फक्त माझ्या वहीत."

"चालेल, बाबा," ती म्हणाली.

*

सोमवारी सकाळी सून एका हातात भुंगीचा हात आणि मागे प्लंबर अशी एकतीस नंबरच्या फाटकाशी उभी राहिली. प्लंबरच्या खांद्यावर पाइप होता आणि पिशवीत तिनं स्वतः निवडलेला नळ. फाटकात मोठ्या बाई कुणाशी तरी बोलत होत्या. सुनेला पाहताच त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"पाहणीला तर अजून चार महिने आहेत," त्या म्हणाल्या.

"पाहणीला नाही आले, बाई. हिचं नाव घालायला आले. आणि तुमची इतकी वर्षं एकच मागणी आहे, ती पुरी करायला."

मोठ्या बाईंनी पाइपकडे पाहिलं. त्यांना आनंद व्हायला हवा होता, निदान आश्चर्य. पण त्या प्लंबरला अडवण्यासाठी चक्क हात पसरून उभ्या राहिल्या. प्लंबर कामाचा माणूस होता. तो त्यांच्या हाताखालून वाकून मागच्या बाजूला गेलासुद्धा. दोन मिनिटांत परत आला.

"ताई, नळ आहेत इथं," तो म्हणाला. "चार आहेत. पितळी. तुम्ही आणलाय त्यापेक्षा चांगले. पुढ्यात ड्रम लावून झाकलेत."

मोठ्या बाईंनी हात खाली घेतले. आतून कुठल्यातरी वर्गातून कविता म्हटल्याचा आवाज येत होता, तो एकदम थांबला, जणू आतही कुणीतरी खूण केली होती.

"आत या," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांनी खोलीचं दार लावलं, खुर्ची दिली, भुंगीला एक खडू दिला. "आता नीट सांगा. तुम्ही आलात कोण म्हणून? पाहणीच्या म्हणून आला असाल, तर तो ड्रम तिथं चुकून राहिलाय आणि मला काही माहीत नाही."

"पालक म्हणून."

"शपथेवर?"

"ही बघा पालक असल्याची खूण," सून म्हणाली. भुंगीनं तोवर बाईंच्या हजेरीपटावर माशी काढली होती.

मोठ्या बाईंनी माशी पाहिली आणि सैलावल्या. "पहिली सहा वर्षं खरंच नळ नव्हता," त्या म्हणाल्या. "सातव्या वर्षी पालकांनी आपापसांत मिळून घातला. पण तोवर आमच्या लक्षात आलं होतं, की इथं काही बरं झालं की तुमच्याकडून कुणीतरी येतं. बाकं येणार होती, तर तुमचे ते काका सुताराशी बोलून गेले. छप्पर झालं, तर पत्र आलं. माझ्या तीन बाई नेल्यात तुम्ही, एकीहून एक. चौथीला मी पहिल्याच दिवशी सांगितलं, पाहणी आली की पुटपुटायचं, फळ्याकडे तोंड करून उभं राहायचं. ती अजून आहे. तर मग आम्ही ठरवलं, त्या एका दिवशी शाळा जशी हवी तशी दाखवायची. पालकांनी काय सांगायचं हा घोळ होई, म्हणून एकच शब्द ठरवला. नळ. लक्षात ठेवायला सोपा."

सुनेला बाबांचा निबंध आठवला आणि तिनं टेबलाची कड धरली.

"आणि मुलं?" ती म्हणाली. "मी पाच वर्षं येतेय. मुलांना वाचता येत नव्हतं. एक होता, निळ्या स्वेटरचा. एका ओळीला त्यानं दहा मिनिटं लावली. मला ते बघवत नव्हतं."

"तो होय." मोठ्या बाईंच्या चेहऱ्यावर अभिमान पसरला. "त्याचं त्या वर्षी आख्खं वाचनालय दोनदा वाचून झालेलं होतं. अभिनय मात्र जरा जास्तच करतो, मी त्याला रागावलेही होते. मुलांना फार आवडतो तो दिवस. ढ दिवस म्हणतात त्याला. आठवडाभर आधीपासून तालीम असते. कोण किती चुकणार, कुणी कुठं अडायचं, सगळं वाटून दिलेलं. सगळ्यांनी एकसारखं चुकलं तर संशय येतो, म्हणून दोघांना थोडं बरोबर द्यायला सांगतो."

सुनेला आधी राग आला. पाच वर्षं तिनं गिळलेले ते घास, त्या पोरांच्या रिकाम्या नजरा, पेन्सिल परत घेतल्यावर त्या मुलाच्या ओठांचं थरथरणं. म्हणजे तो हसू आवरत होता. मग राग कुठेतरी अडखळला आणि ती हसायला लागली, आणि ते हसणं थांबेना म्हणून तिनं पदराऐवजी हाताला आला तो डस्टर तोंडावर धरला. खडूच्या भुकटीनं तिला शिंका आल्या. भुंगी गंभीरपणे तिच्या पाठीवर थोपटत राहिली.

"हिला त्या दिवशी काही करावं लागणार नाही," शिंका थांबल्यावर सून म्हणाली. "ठराव झालाय. ही मोजायची नाही."

"मग हिला प्रॉम्प्टिंगला ठेवू. कोणी चुकून बरोबर सांगायला लागलं तर खोकायचं," मोठ्या बाईंनी नाव लिहून घेतलं. "नवीन पाहणीवाले कोण येणार?"

"माझे सासरे."

"कडक आहेत का?"

"मोजतात फार. पण लहान मुलांसमोर विरघळतात."

"मग चालेल." त्यांनी पेन खाली ठेवलं आणि दाराकडे बघून आवाज उतरवला. "एक विचारू का? आता पालकच आहात म्हणून. पुस्तकं आम्ही त्या दिवशी घरोघर वाटून ठेवतो, त्याचं काही नाही. पण गेल्या वर्षी त्याच सुतारानं गुपचूप बाकं करून दिली. ती लपवायला जागा नाही. मागच्या खेपेला पालकांनी स्वयंपाकघरात उभी केली, दोन घरं दिवसभर उपाशी राहिली. तुमचं घर मोठं आहे असं ऐकते."

"बाई, ते संचालकांचं घर आहे."

"म्हणूनच म्हणते," मोठ्या बाई म्हणाल्या. "तिथं कोण शोधायला येणार आहे."

*

घरी परत आली तेव्हा स्वयंपाकघरात आई एकट्याच होत्या, चार माणसांच्या त्या टेबलाशी मटार सोलत. बाबा पुढच्या खोलीत होते. भुंगीचा पहिला दिवस कसा गेला हे ते तिच्याकडून काढून घेत होते आणि मधूनमधून पेनाची कुरकुर ऐकू येत होती. सुनेनं दार लोटलं आणि सगळं सांगितलं: ड्रम, नळ, पुटपुटणाऱ्या चौथ्या बाई, निळा स्वेटर, ढ दिवस. आवाज खाली ठेवून सांगायला तिला फार त्रास पडला. आईंचे हात मध्येच थांबले, मग पुन्हा चालू झाले.

"बाबांना कळलं तर मरतील," सून म्हणाली. "दरी नाहीच आहे, आई. कधीची बुजलीय. काय सांगू मी बाबांना? आप्पांचं आयुष्य गेलं त्यात."

पुढच्या खोलीतून भुंगीचा आवाज आला. ती 'प्रॉम्प्टिंग' म्हणजे काय ते आजोबांना समजावून सांगत होती, आणि आजोबा म्हणत होते, हळू सांग, लिहू दे.

आईंनी एक शेंग उघडली, आतले दाणे मोजल्यासारखे बोटानं पाहिले आणि वाटीत टाकले.

"त्यांची कागदावर आहे ना?" त्या म्हणाल्या. "कागदावर राहू दे. कागदावर असलेलीच बरी." मग पुढची शेंग उचलली. सुनेला वाटलं, विषय संपला. ती गॅसकडे वळली.

"किती बाकं आहेत?" आईंनी विचारलं.

"बावीस."

"माळ्यावर संस्थेचे अहवाल आहेत. ते पलंगाखाली ढकलले की चौदा बसतील. उरलेली बाळ्याच्या अभ्यासिकेत, चादर टाकून. तो वर बघतच नाही." त्यांनी हात पुसले आणि जिन्याच्या वळणाकडे नजर लावून अंदाज घेतला. "वळणावर अडकतील की नाही तेवढं बघायला हवं. जा, टेप घेऊन ये."